ग्रंथांचा भार आणि काशीचे भट्ट

माहितीचा पूर मोबाइलने आणला असं सर्रास म्हटलं जातं. काशीत तो सतराव्या शतकातच, छापखाना नसताना, येऊन ठेपला होता. स्मृती, पुराणं, त्यांवरच्या टीका, देवगिरीच्या हेमाद्रीचा अवाढव्य ‘चतुर्वर्गचिंतामणी’, सगळं पोथ्यांत. आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेलच याची खात्री नाही.

साधी एकादशीच घ्या. तिथी काही सूर्योदयाला बांधलेली नसते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की ती पालटते, मग पहाट असो की भरदुपार. आता सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे शेवटच्या ९६ मिनिटांत, दशमी उरली असेल तर? वैष्णव म्हणणार, दशमीचा वेध झाला, उपास उद्या. स्मार्त सूर्योदय पाहणार. वचनं दोघांकडे. यजमानाला मात्र आज की उद्या, एवढंच हवं.

हा भार उचलला पैठणहून काशीत गेलेल्या रामेश्वर भट्टांच्या घराण्याने. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी, गया या तीन क्षेत्रांसाठी ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. नारायण भट्टांचे नातू कमलाकर भट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२चा; त्यांचे चुलतभाऊ नीलकंठ यांनी ‘भगवंतभास्कर’ बारा मयूखांत लिहिला. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे.

कमलाकरांची रीत मला फार मोलाची वाटते. परस्परविरोधी वचनं ते नावानिशी समोर ठेवतात, तोलतात आणि मगच कौल देतात. ज्याला तो पटणार नाही, त्याला भांडायला पुरावा हाताशी राहतो.

पुढे निर्णयसिंधूही जड वाटू लागला. १७९०च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, ‘धर्मसिंधु’ लिहिला. मूळ वचनं बहुतेक गाळून त्यांनी निर्णय तेवढे ठेवले. पुरोहितांच्या हाती तोच रुळला, आणि ते साहजिकच होतं. पण असं का, हे विचारणाऱ्याला निर्णयसिंधूकडेच परतावं लागतं.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि निर्णय भिंतीवर आला. त्यात काही महिन्यांत लागोपाठच्या दोन चौकटींत ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ (म्हणजे वैष्णवांची) अशी नोंद दिसते. तिथे कुणा एकाला खोटं ठरवलेलं नाही.