बिडाचा तडा आणि 1917 ची फुटकी जहाजं

आजचा एपिसोड एका आवाजापासून सुरू होतो. फट्-फट्-फट्. सकाळी जीप चालू केली की यायचा आणि पाच-सात मिनिटांत गायब व्हायचा. मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, खोकणारच.

जीप माझ्या आजोबांची. महिंद्राची सीजे-3बी. हिचं बॉनेट उंच का, तर आत हरिकेन इंजिन आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनच उंच झालं. आणि ब्लॉकच्या बाजूला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. चार सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे पाठवणारा.

पावसाळ्यात आम्ही पन्हाळ्याला निघालो. ताडपत्री बंद. पुढच्या सीटवर आठ वर्षांची भाची. अर्ध्या घाटात ती म्हणाली, "मामा, डोकं दुखतंय." मग उलटी. आम्हाला वाटलं, घाट लागला. खाली उतरवल्यावर मोकळ्या हवेत दहा मिनिटांत बरी झाली, आणि मग माझंही डोकं जड आहे हे माझ्या लक्षात आलं. बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डवर काजळीची काळी रेघ. तडा! त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पेडलांच्या भोकांतून आत येत होता. त्याला वास नाही, रंग नाही. फट्-फट् बंद व्हायचं ते याचसाठी, की बीड तापून फुगलं की तडा मिटायचा. पण पूर्ण नाही. परत येताना ताडपत्री काढून, भिजत आलो.

पहिली दुरुस्ती मी घाईत केली. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये साध्या लोखंडी रॉडने वेल्डिंग मारून घेतलं. आठव्या दिवशी तडा परत आला, जुन्या वेल्डच्या अगदी बाजूला.

का? तर बीड म्हणजे साधं लोखंड नव्हे. त्यात साधारण 3 टक्के कार्बन असतो, ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात. म्हणून ते ओतायला सोपं, पण ताणलं की तुटणारं. वेल्डिंगच्या आचेने तो कार्बन विरघळतो आणि पटकन थंड झालं की कडेला काचेसारखा कडक थर तयार होतो. आकसताना तिथेच फुटतं.

आता जरा 1917 मध्ये जाऊ. पहिलं महायुद्ध. अमेरिकेच्या बंदरांत 1914 पासून जर्मन जहाजं अडकून पडली होती. अमेरिका युद्धात उतरणार हे दिसल्यावर जर्मन खलाशांनी इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले. हिशेब साधा होता: बीड जोडता येत नाही, नवे सिलिंडर ओतायला खूप वेळ जाईल, तोवर ही जहाजं सैन्य नेऊ शकणार नाहीत. तेव्हाच्या जाणकारांपैकी अनेकांचं मत तसंच होतं.

अमेरिकन नौदलाने मात्र इलेक्ट्रिक वेल्डिंग करून बघायचं ठरवलं. फुटलेल्या कडांना भोकं पाडून पोलादी स्टड आवळले आणि त्यांच्या आधाराने वेल्ड भरला. काही ठिकाणी नुसत्या बोल्टच्या ठिगळांवर भागवलं. काही महिन्यांत जहाजं निघाली आणि त्यांनीच हजारो सैनिक फ्रान्सला नेले. 1919 मध्ये अमेरिकन वेल्डिंग सोसायटी स्थापन झाली. तोवर ठिगळकाम समजल्या जाणाऱ्या या धंद्याला त्या जहाजांनी मान मिळवून दिला, असं मला वाटतं.

माझ्या मॅनिफोल्डला मान मिळाला तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. ओतकामाचा गाव, त्यामुळे बिडाचा स्वभाव जाणणारी माणसं इथं सापडतात. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी माझा जुना वेल्ड बघितला आणि म्हणाले, "कुणी केलं हे? आता पहिलं हे काढायला लागंल."

मी विचारलं, "काका, पितळ मारून नाही चालणार?"

"पाण्याच्या जाकिटाला चाललं असतं. हितं आग असती."

खरंच आहे, चढावर हा भाग 600 अंशांच्या वर जाऊ शकतो. एवढ्या उष्णतेत पितळ टिकत नाही.

त्यांनी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावणार नाही. मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच. मॅनिफोल्ड जाड प्लेटला बोल्टने आवळला, वाकू नये म्हणून. कोळशाच्या शेगडीवर सगळा तुकडा हळूहळू तापवला. निकेलचा रॉड घेऊन बोटाच्या पेराएवढाच वेल्ड मारायचे, लगेच छोट्या हातोडीने टकटक करायचे आणि थांबायचे. टकटक का, तर आकसणारा धातू ठोकून जरा पसरवायचा.

मी घड्याळ बघायला लागलो तसे म्हणाले, "गडबड आसंल तर घेऊन जा की."

गप्प बसलो.

शेवटी तुकडा कोरड्या चुन्यात गाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढला तेव्हाही कोमट होता. फेस सपाट आहे का ते पट्टी लावून पाहिलं, दोन ठिकाणी कानस मारली. नवी गास्केट, आणि नट आवळले ते मधून बाहेरच्या दिशेने. पेडलांच्या भोकांना रबरी बूटही बसवले, जे मी खरं तर आधीच बसवायला हवे होते.

सकाळी गार इंजिन चालू केलं. कान देऊन ऐकलं. फट्-फट् नाही. भाची अजून मागच्या सीटवर बसते, आणि ताडपत्रीची एक बाजू उघडी ठेवायला लावते.