पाठशुद्धी आणि प्रती

नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. १५८४ साली एकनाथांनी पैठणला तिचा पाठ शुद्ध केला, आणि तरीही १९०९मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापलीच. पाठ शुद्ध झाला म्हणून जुन्या प्रती नाहीशा होत नाहीत, हे पाठचिकित्सेच्या तासाला आपण सांगतोच. २०१७ सालच्या एका प्रसंगाकडे याच दृष्टीने पाहावेसे वाटते. तो प्रसंग संगणकाच्या कार्यप्रणालीतला आहे. पण त्याची झळ न्हावा-शेवा बंदराला लागली, जिथून अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) आणि नाशिकचा कांदा परदेशी जातो.

एका संगणकावर साठवलेल्या फाइली जाळ्यातून दुसऱ्याला देणारा एक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात असतो. जुन्या ओएस-टू प्रणालीच्या वळणाची यादी विंडोज एनटीच्या वळणात उतरवणे, हे त्याचे एक काम. मोडीचे बाळबोध करण्यासारखेच म्हणा! यादीची लांबी चुकीची आढळली तर ती दुरुस्त करायची. पण दुरुस्त आकडा लिहिताना त्याचा खालचा अर्धाच भाग लिहिला जाई, वरचा जुनाच राही. १२०५ खोडून ८९८ करायचे, आणि लेखनिकाने शेवटचे दोनच अंक बदलावेत: झाले १२९८! जागा राखली जाई खऱ्या मापाने, नक्कल होई या फुगलेल्या आकड्याने. उरलेला मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडे, आणि तो मजकूर जाणूनबुजून रचणाऱ्याच्या हाती अख्खे यंत्र जाई. चूक दुरुस्त करणाऱ्या ओळीतच चूक होती, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने या चुकीचे हत्यार करून ते स्वतःजवळ ठेवले होते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने शुद्ध पाठ दिला; महिन्याभरात ते हत्यार चव्हाट्यावर आले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' पसरला, तेव्हा असंख्य यंत्रांवर जुनीच प्रत होती. २७ जूनचा 'नॉटपेट्या' तर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतूनच शिरला. आपल्या परिभाषेत हा प्रक्षेप. एकनाथांना ज्याची धास्ती होती, तोच. मार्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि त्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेव्याच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंटेनर साचू लागले. अर्थात सारा दोष जुन्या प्रतींवर टाकता येणार नाही. नॉटपेट्या यंत्राच्या स्मृतीतून परवलीचे शब्दही चोरी, त्यामुळे शुद्ध प्रत बसवलेली यंत्रेही त्याच्या तडाख्यातून सुटली नाहीत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील विंडोज १०च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रावर फाइली देणारा तो जुना भाग आपोआप बसवणेच बंद झाले. आधीच्या यंत्रांवर तो राहिलाच.