सात हालीचे सहा कलदार

एके काळी आपल्याकडची माणसं काशी-रामेश्वर करून येत आणि मावंदं घालत. हल्ली ती ताश्कंद, समरकंद, प्राग, बुडापेस्ट करून येतात आणि मावंद्याऐवजी मोबाइलवर साडेचारशे फोटो दाखवतात. मावंद्यात निदान लाडू तरी असायचा.

या नव्या यात्रेचं वैशिष्ट्य असं, की माणसं पडलेली राज्यं बघायला जातात. गाइड छत्री उंच धरून पुढे चालतो आणि एका चौकात थांबून सांगतो, "इथे लेनिन होता." लगेच सगळे जण लेनिन नसलेल्या जागेचा फोटो काढतात. ताश्कंदला लेनिनचा भला थोरला पुतळा उतरवून त्या जागी पृथ्वीचा गोल बसवला आहे. त्याच शहरात मार्क्सच्या जागेवर आता तैमूरलंग घोड्यावर बसला आहे. बुडापेस्टवाल्यांनी तर कमालच केली. उतरवलेले पुतळे फोडून टाकण्याऐवजी गावाबाहेर नेऊन उभे केले आणि 1993 साली तिथे तिकीट लावलं. पुतळ्यांचा वृद्धाश्रमच म्हणा ना! बर्लिनमध्ये जुन्या पूर्व जर्मनीची ट्राबांट नावाची डबडा गाडी पैसे घेऊन चालवायला देतात. ज्या गाडीसाठी लोकांना वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, तिच्यात आता हौसेने बसायचे पैसे पडतात. मी बी.कॉम. आहे. 'मृत मालमत्तेपासून उत्पन्न' असं प्रकरण आमच्या पुस्तकात नव्हतं, पण असायला हवं होतं.

आमच्या कॉलनीतले एक निवृत्त जोडपं अशी सहल करून आलं. तिथला गाइड कसा न लाजता सांगत होता, पावासाठी रांग, शेजारीच चुगलखोर, रात्री दारावर थाप, आणि तरी आजी कशी म्हणते की तेव्हा पोराला नोकरी तरी मिळत होती, हे सगळं त्यांनी मला रंगवून सांगितलं. शेवटी म्हणाले, "अख्खा देशच बुडाला हो! चलन गेलं, झेंडा गेला, रस्त्यांची नावं गेली. कल्पना तरी करवते का तुम्हाला?"

आता हे गृहस्थ मूळचे कंधारचे. सासुरवाडी औशाची. म्हणजे नवरा-बायको दोघेही एका बुडालेल्या देशाचे नागरिक. पण त्यांना वाटलं, बुडालेला देश बघायला विमान लागतं.

वाचकहो, नांदेड आणि लातूर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ज्या राज्यात होते, ते आज नकाशावर नाही. साधंसुधं संस्थान नव्हतं ते. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीच्या वर माणसं. स्वतःचं नाणं, स्वतःच्या नोटा, स्वतःची टपाल तिकिटं, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य. शेवटी शेवटी तर विमान कंपनीसुद्धा. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी रयत आणि उर्दूत चालणारा कारभार. आणि गंमत पाहा, पहिल्या निजामाचे आजोबा ख्वाजा आबिद हे समरकंदकडचे! म्हणजे आपले लोक लाख-दीड लाख भरून ज्या गावी जातात, तिथल्याच एका घराण्याचा 1724 पासून सव्वादोनशे वर्षं आमच्याकडे मुक्काम होता. आणि त्या सहलीचा खर्चही आम्हीच सोसत होतो.

तेव्हा आज मीच गाइड होतो. छत्री नाही, पण बँकेचं कॅलेंडर गुंडाळून उंच धरतो. या मागोमाग.

पहिला थांबा, बँकेचा काउंटर. निम्मी नोकरी मी नांदेडात काढली, निम्मी लातुरात. दोन्हीकडे अधूनमधून एखादे आजोबा यायचे, जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेचा पिवळा दाखला घेऊन. त्यावर जन्मसाल 1346. असं साल संगणकाला दिलं तर तो काय करणार? आजोबांचं वय पावणेसातशे निघतं आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जादा व्याज द्यावं तरी कुठून कुठपर्यंत, असा प्रश्न उभा राहतो. आजोबा मात्र शांत. "सायेब, फसली हाय ते. तुमच्या कंप्युटरला सांगा, ह्ये निजामाच्या सालातलं हाय." फसली सालात 590 मिळवा, आपलं साल येतं. म्हणजे आजोबा 1936 चे. देश गेला, पण त्याचं पंचांग अजून आमच्या काउंटरवर येऊन 'पुढचं बोला' म्हणतं.

त्या देशाच्या रुपयाला 'हाली' म्हणत. त्यावर चारमिनार असे. इंग्रजांच्या मुलखातला रुपया तो 'कलदार'. हिशेब ठरलेला: सात हालीचे सहा कलदार. बार्शीच्या बाजाराला जायचं तर आधी रुपया बदलायचा आणि नाक्यावर करोडगिरीवाल्याला, म्हणजे जकातवाल्याला, तोंड द्यायचं. 1951 मध्ये हालीची नवी छपाई थांबली, 1959 मध्ये तो चलनातूनच गेला. पण भावाचं ते प्रमाण विसरू नका, पुढे लागणार आहे.

दुसरा थांबा, उमरी. नांदेडहून निजामाबादच्या बाजूला जाणाऱ्या लाइनीवरचं गाव. इथली हैदराबाद स्टेट बँक 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. लढ्याला पैसा हवा होता आणि निजामाचा पैसा निजामाच्याच बँकेत होता. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, त्यामुळे एरवी देशभर गाजली असती अशी बातमी उमरीतच राहिली. देशभक्त म्हणून मला या लुटीचा अभिमान वाटतो. पण क्लार्क म्हणून दरवेळी पोटात गोळा येतो, की त्या संध्याकाळी कॅश जुळवायला कोण बसलं असेल? एवढी रक्कम 'सस्पेन्स'ला टाकताना त्याने कारण काय लिहिलं असेल? त्याच बँकेचं पुढे 1956 मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं आणि 2017 मध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बुडालेल्या देशाची पाटी त्या देशामागे जवळजवळ एकोणसत्तर वर्षं आमच्या बाजारपेठांतून टिकली, हे फारसं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिसरा थांबा, लातूरची गंजगोलाई. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला फुटलेले सोळा रस्ते. 1917 सालचं बांधकाम. नवखा माणूस इथे सराफ्याला निघाला की भांडेगल्लीत पोचतो. इथे उभं राहून गाइडला आवाज जरा खाली घ्यावा लागतो. कारण कासिम रझवी याच लातूरचा वकील. सभेला सरकारी परवानगी लागणाऱ्या राज्यात याला मात्र वाटेल ते बोलायला मुभा होती. त्याच्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, बायकापोरं घेऊन लोक बार्शी-सोलापूरकडे पळाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्ट 1947 रोजी 'भारतात सामील व्हा' दिन पाळला, त्यानंतरचं वर्ष आमच्या आज्यांनी कसं काढलं ते त्यांच्या तोंडून ऐकावं. दळताना जातं थांबवून कानोसा घ्यायचा, ही त्या वर्षाची सवय.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत देश संपला. आमच्याकडे याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. अशिक्षित म्हातारीसुद्धा इतकं शुद्ध इंग्रजी दुसऱ्या कुठल्या बाबतीत बोलत नाही.

इथपर्यंत आमचा प्रत्येक गाइड छान बोलतो. दर 17 सप्टेंबरला झेंड्याखाली बोलतो, शाळेत बोलतो. पण सहल इथे संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, ते बघायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीने 1948 च्या अखेरीस हा मुलूख पालथा घातला. तिचं म्हणणं असं, की राज्यभर जपून अंदाज केला तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावं आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. रझाकारांचं नावही ज्याने घेतलं नसेल, असा विणकर आणि तांबोळीही त्यात गेला. अहवाल कित्येक वर्षं कपाटातच राहिला.

म्हणजे आमच्याकडे गाइड नाहीत असं नाही. घरोघरी आहेत. पण प्रत्येकजण निम्मीच सहल दाखवतो. एका मोहल्ल्यातले आजोबा 16 सप्टेंबरपर्यंत सांगतात आणि पाणी मागतात. दुसऱ्या मोहल्ल्यातले आजोबा 18 सप्टेंबरपासून सुरू करतात, तेही दार लोटून. मधली 17 तारीख दोघांचीही, पण ती ओलांडून पलीकडे कुणी जात नाही. आणि दोघेही दर गुरुवारी एकाच हॉटेलात एकाच बाकावर चहा पितात, कापसाच्या भावावर बोलतात.

बाकी तारखेचं म्हणाल तर तिची गत संयुक्त खात्यासारखी झाली आहे. एकच रक्कम, तीन नावं. आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव, आणि हैदराबादेत 2022 साली केंद्राने मुक्ती दिन तर राज्याने राष्ट्रीय एकात्मता दिन असे दोन वेगवेगळे मांडव घातले. सही कुणाची चालणार, ते अजून ठरायचं आहे.

आणखी एक गोष्ट त्या पूर्वेकडच्या देशांशी जुळते. उझबेकिस्तान 1991 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे जे प्रमुख होते, ते करीमोवच राष्ट्राध्यक्ष झाले आणि 2016 साली मरेपर्यंत राहिले. लोक याला हसतात. पण आमचा निजाम उस्मान अली शरण आला आणि 1950 मध्ये त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, तो 1956 पर्यंत. आमच्या खात्यात याला बदली म्हणत नाहीत, पदनामात बदल म्हणतात. त्याच्या नावाचं उस्मानाबाद 2023 मध्ये धाराशिव झालं. नाव बदललं, पण बँकेत जमिनीवर कर्ज मागायला येणारा शेतकरी अजून 'खासरा' घेऊन येतो, आणि मोजणीवरून भांडण झालं की दोघेही भाऊ हैदराबादच्या दप्तराची धमकी देतात.

आणि दप्तर खरंच निघालं! 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. निजामाच्या काळातले कागद धुंडाळले गेले, आणि मग लक्षात आलं, की कागद आहेत पण वाचणारा नाही. जुनं उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या म्हाताऱ्याच्या उर्दूला नातवंडं हसत होती, त्याला रिक्षा पाठवून बोलावण्यात आलं. 2025 च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटवर सरकारी निर्णयही निघाला. त्यात कुणाचं भलं, कुणाचं बुरं, ते मोठी माणसं बघतील. मला एवढंच दिसलं, की जातीचा दाखला हवा म्हटल्यावर आम्हाला तो देश लगेच आठवला. आपण एकमेकांशी कसे वागलो, हे बघायला मात्र त्या दप्तराची गाठ अजून कुणी सोडायला सांगितली नाही.

तर ते प्रमाण आठवा. सात हालीचे सहा कलदार. आमच्याकडे इतिहासही याच भावाने वटतो. सात रुपयांची हकीकत सांगायला बसलेला माणूस सहाच मोजून देतो. सातवा रुपया त्याच्या मुठीत राहतो, कारण तो शेजाऱ्याचा असतो. बुडापेस्टचा गाइड हा सातवा रुपया परक्या माणसापुढे टेबलावर ठेवतो, म्हणून त्याची सहल बघावीशी वाटते. पुतळे काय, आमच्याकडेही पुष्कळ आहेत.

1948 साली जो दहा-बारा वर्षांचा होता, तो आज नव्वदीला टेकला आहे. त्याला तिकीट नाही, व्हिसा नाही, छत्री नाही. दुपारी चार वाजता ओट्यावर बसलेला सापडतो. कान जरा मंद झालेत, पण साल विचाराल तर फसलीत सांगेल. दोन मोहल्ल्यांतले दोघे एका बाकावर असतानाच विचारा, म्हणजे हिशेब समोरासमोर जुळेल. हाली बदलून घ्यायला सरकारने 1959 पर्यंत अवधी दिला होता. या सातव्या रुपयाला इतका अवधी मिळेल असं वाटत नाही. काउंटर उघडं आहे तोवर रांगेत या.