तबकडीतून फाईलीकडे : चित्रपटाच्या नकलेचा इतिहास

थ्रेड 🧵

१/१६
यंदाच्या उन्हाळ्यात बार्शीटाकळीच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. आत आजोबांनी हौसेने जमवलेले चित्रपट होते. त्रेचाळीस तबकड्या, ज्यांना आपण सरसकट ‘सीडी’ म्हणत आलो. मी त्या टाकायला निघालो, तेव्हा आजी म्हणाली, “काहून फेकून रायला रे बाप्पू? तुह्या आज्याच्या हायेत त्या.” मग एकेक तबकडी संगणकात घालून तिची फाईल करायला बसलो. या कामात चार दिवस गेले आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे असलेले काही प्रश्न नव्या वेषात भेटले. नक्कल म्हणजे काय? नक्कल करताना काय राखले जाते, काय सोडले जाते आणि ते कोण ठरवतो?

२/१६
प्रथम या वस्तूचा जन्म. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे प्रमाण निश्चित केले. गाण्याची सीडी ज्या गतीने फिरते त्याच गतीत चित्रही वाचता यावे, ही त्यामागची अट. त्यामुळे चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट आणि आवाजासाठी २२४ किलोबिट एवढाच वाटा ठरला, आणि एका तबकडीवर जेमतेम ७४ मिनिटे मावली. आपले चित्रपट अडीच तासांचे. म्हणून प्रत्येक संचात दोन, क्वचित तीन तबकड्या. मध्यंतर कोठे घ्यायचे हे दिग्दर्शकाने ठरवलेले असे, परंतु घरात ते तबकडी ठरवू लागली.

३/१६
व्हीसीडीला कुलूप नव्हते. संगणकावर ती उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘.डॅट’ फाईल दिसे. ती उचलून हार्ड डिस्कवर ठेवली की काम झाले. माझ्याहून पाच-दहा वर्षांनी मोठ्या वाचकांना हे आठवत असेल. मात्र या सोयीची किंमत होती. अधिक माहिती मावावी म्हणून साध्या डेटा सीडीत असणारा चूक-दुरुस्तीचा एक थर व्हीसीडीच्या चित्रभागातून वगळला होता. त्यामुळे कागदपत्रांची तबकडी ज्या ओरखड्याला दाद देत नाही, त्याच ओरखड्यावर व्हीसीडीतला नायक चौकोनी ठिकऱ्यांत फुटतो.

४/१६
येथे थोडे गणित आवश्यक आहे. डीव्हीडीतील पाल पद्धतीची एक चौकट ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंची. रंगाची माहिती निम्म्या तपशिलाने घेतली, तरी प्रत्येक बिंदूला सरासरी दीड बाईट लागतो. सेकंदाला २५ चौकटी. म्हणजे प्रत्येक सेकंदाला सुमारे साडेपंधरा मेगाबाईट आणि दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे ११२ गिगाबाईट. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता अवघी ४.७ गिगाबाईट. याचा अर्थ, आपल्या हाती येणारी ‘मूळ’ तबकडी हीच मुळात चोवीस-पंचवीस पटींनी आवळलेली नक्कल असते. आपण फाईल करतो ती नकलेची नक्कल.

५/१६
हे आवळणे शक्य झाले त्यामागे एक भारतीय नाव आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले, ते नाकारले गेले. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये तो निबंध प्रसिद्ध केला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे त्याचे नाव. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन करायचे, प्रत्येकातील ठळक आणि सूक्ष्म भेद वेगळे काढायचे, आणि डोळ्याला जे फारसे जाणवत नाही ते सूक्ष्म भेद सोडून द्यायचे. जेपीईजी छायाचित्रे, व्हीसीडी आणि डीव्हीडी या साऱ्यांचा पाया हाच.

६/१६
दुसरी युक्ती काळाची. ज्वारीच्या शेतातून बैलगाडी जात असेल, तर शेत प्रत्येक चौकटीत पुन्हा कशाला लिहायचे? एक चौकट पूर्ण साठवायची आणि पुढच्या चौकटींत फक्त ‘गाडी एवढी सरकली’ एवढीच नोंद करायची. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एमपीईजी या तज्ज्ञगटाने या दोन्ही युक्त्या एकत्र बांधून प्रमाणे तयार केली. व्हीसीडीत एमपीईजी-१, डीव्हीडीत एमपीईजी-२. तबकडीवर चरा पडला की काही क्षण सगळे चित्र का बिघडते, याचे उत्तर येथे आहे. एक पूर्ण चौकट हरवली की तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या साऱ्या नोंदी निराधार होतात.

७/१६
१९९६ मध्ये जपानच्या बाजारात आलेल्या डीव्हीडीने मात्र कुलूप आणले. त्याचे नाव सीएसएस. ४० बिटांची किल्ली, आणि ती फक्त परवानाधारक प्लेयर बनवणाऱ्यांकडे. शिवाय जगाचे विभाग पाडले होते. भारत पाचव्या विभागात. अमेरिकेतून एखाद्या नातेवाइकाने हौसेने पाठवलेली डीव्हीडी आपल्या प्लेयरवर चालू नये, ही व्यवस्थाच होती. तबकडी तुम्ही विकत घेतलेली असे, पण ती वाचण्याची किल्ली तुमची नसे.

८/१६
वऱ्हाडी वाचकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरा सांगते की मूळ प्रत पुढे धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा जुळवला. म्हणून आज त्याचे अनेक पाठ आढळतात. त्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्या कुलपाने ग्रंथ जपले, आणि त्याच कुलपाने मराठीचे हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या वाचकांपासून शतकानुशतके दूर ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांना लिपीची किल्ली मिळाली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

९/१६
फरक एवढाच की महानुभावांची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. सीएसएसची किल्ली यंत्रात होती, आणि यंत्रे कालबाह्य होतात. १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. त्याच्याशी ज्याचे नाव जोडले गेले तो नॉर्वेचा योन लेक योहान्सन तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरला गेला आणि २००३ मध्ये, आधी कनिष्ठ आणि मग अपील न्यायालयात, तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा नव्हे, हा त्या निकालाचा गाभा.

१०/१६
त्याच सुमारास जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एमपीईजी-४ प्रणालीत फेरफार करून ‘डिव्हएक्स’ तयार केले. पूर्ण चित्रपट ७०० मेगाबाईटच्या एका साध्या सीडीवर मावू लागला. वरचे गणित लावले तर हे मूळ चित्राच्या सुमारे एकशेसाठाव्या भागाएवढे. २००१ मध्ये ‘एक्सव्हिड’, २००३ मध्ये ‘एच.२६४’ हे प्रमाण आणि त्याच वर्षी ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर आले. ७०० हा आकडा कलेने ठरवलेला नव्हता, दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या सीडीने ठरवला होता. एका पिढीने चित्रपट कसे पाहिले, याचा निर्णय प्लास्टिकच्या चकतीने केला.

११/१६
आपल्याकडे याचे दोन परिणाम झाले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि अनेक प्रादेशिक चित्रपट प्रथमच सामान्य घरांत कायमचे आले. आजोबांची पेटी त्याच काळात भरली. दुसरीकडे, २००९ मध्ये महाराष्ट्राने १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ यांना बसवले. चोरट्या नकलांनी निर्मात्यांचे नुकसान होत होते हे खरेच. परंतु नक्कल या शब्दालाच त्यामुळे संशयाचा वास लागला.

१२/१६
तो संशय सर्वस्वी न्याय्य नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संशोधनासह खासगी वापरासाठी उचित व्यवहाराची मुभा देते. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक आहे. तेथे कुलूप तोडणे हेच अपराधाचे मूळ. घरातली तबकडी घरासाठी जपणे आणि तिच्या शंभर प्रती बाजारात विकणे यांत अंतर आहे, हे आपला कायदा ओळखतो.

१३/१६
आमच्या गावी कालंका देवीचे हेमाडपंती मंदिर आहे. तेथील शिलालेखावर शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६ हा काळ आहे. अभ्यासक शिलालेखाचा ठसा घेतात. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वरून शाई फिरवायची. ठशात अक्षरे येतात. दगडाचा रंग, छिन्नीची खोली, लेखाभोवतीची भिंत येत नाही. ठसा हीदेखील आवळलेली नक्कलच. तरी कोणी ठशावरून पुन्हा ठसा घेत नाही. जमेल तोवर दगडाकडेच परत जावे लागते. फाईलीचेही तसेच. आधीच आवळलेल्या फाईलीला पुन्हा आवळले की प्रत्येक पिढीला काहीतरी गळते, आणि गळलेले परत येत नाही.

१४/१६
दगडाकडे परत जाण्याची सोय चित्रपटाला क्वचितच असते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची जुनी रिळे भस्म झाली. नायट्रेट एकदा पेटले की विझवता येत नाही. ज्यांच्या नकला आधीच सेफ्टी फिल्मवर झाल्या होत्या, ते चित्रपट तगले. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चेही आज पहिले आणि शेवटचे रीळ एवढेच दाखवता येते, आणि तीसुद्धा १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. वेळेत न केलेल्या नकलेचा पुरावा मागे राहत नाही. म्हणून ती चूक आपल्याला दिसतही नाही.

१५/१६
ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.
• तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, गोल फिरवून नव्हे.
• आधी तबकडीची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घ्या. लहान फाईल त्यानंतर करा, आणि मोठी प्रत पुसू नका. हँडब्रेकमध्ये एच.२६४ साठी गुणवत्तेचा आकडा १८ ते २२ ठेवा. आकडा लहान तर चित्र चांगले.
• आडव्या दातेरी रेषा दिसल्या तर ‘डीइंटरलेस’ करा. पाल तबकडीत २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या गतीने धावतो, म्हणून गाणी किंचित चढ्या स्वरात ऐकू येतात. ती तुमची चूक नव्हे.
• एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यात घालून पाहा. घरी लिहिलेल्या तबकड्यांना प्राधान्य द्या. त्यांतला रंगद्रव्याचा थर उष्णता आणि उजेडाने विटतो, आणि अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो.

१६/१६
त्रेचाळीसपैकी एकतीस तबकड्या पूर्ण वाचल्या गेल्या. त्यांतला एक तमाशापट आजोबांचा विशेष आवडता होता. त्याची पहिली तबकडी निर्विघ्न चालली. दुसरी तीन ड्राइव्हमध्ये घालूनही उमटली नाही. नवी प्रत शोधली, मिळाली नाही. आमच्याकडे तो चित्रपट आता मध्यंतरापर्यंतच आहे. पुढची कथा आजीला पाठ आहे. त्या संध्याकाळी पहिला भाग संपल्यावर तिने उरलेली कथा सांगितली आणि मी ती फोनवर ध्वनिमुद्रित केली. लीळाचरित्राचे पाठ असेच जुळवले गेले असतील. पाच वर्षांपूर्वी ही पेटी उघडली असती, तर त्या स्मरणाची गरज पडली नसती. तुमच्या माळ्यावरची पेटी या आठवड्यात उतरवा.

(समाप्त)