याचिकाकर्तीचं नाव

आमच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही हक्क सांगतात. एकाच घरात दोन रेशनकार्डं, एकाच गावात दोन सरकारांच्या शाळा. दोन सरकारं ‘हे आमचे’ म्हणताना बघत मी वाढलो. म्हणून असेल, शीला बारसे यांचा खटला वाचताना अडखळलो. तिथं मुलं सरकारच्याच ताब्यात होती, आणि ती किती, कुठं आहेत हे सांगायला राज्यं टाळाटाळ करत होती.

बारसे मुंबईच्या पत्रकार. तुरुंगांत १६ वर्षांखालची मुलं डांबलेली आहेत, अशी याचिका घेऊन त्या १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि स्वतःच बाजू मांडू लागल्या. तेव्हा देशभर एक कायदा नव्हता. मुंबई इलाख्याचा बाल अधिनियम १९२४चा, मध्य प्रांताचा १९२८चा. चांदा मध्य प्रांतात. वर्धा नदी ओलांडली की आमचा राजुऱ्याचा मुलूख निजामाचा. पोरानं चोरी नदीच्या कुठल्या काठावर केली, यावर त्याचं पुढचं ठरायचं!

१३ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयानं बजावलं: मुलांना तुरुंगात ठेवू नका; रिमांड होममध्ये जागा नसेल तर जामिनावर सोडा. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपवा, नाहीतर प्रकरण बंद करा. मला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उशिराची किंमत पहिल्यांदाच मुलाऐवजी सरकारनं मोजायची होती. त्याच वर्षी संसदेनं बाल न्याय अधिनियम केला. तो २ ऑक्टोबर १९८७ला अमलात आला. आज आपण ‘बालगुन्हेगार’ न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, पण निदान शिक्का मारत नाही.

खटला मात्र तारखांवर तारखा घेत राहिला. वैतागून बारसेंनी १९८८ साली याचिका मागे घेऊ द्या म्हटलं. न्यायालयानं नकार दिला. प्रश्न मुलांचा आहे, याचिकाकर्तीचा खासगी नाही, असं म्हणून त्यांचं नाव काढलं आणि त्या जागी सर्वोच्च न्यायालयाची विधी साहाय्य समिती आणली.

कायद्यानं हे बरोबरच होतं. एक माणूस थकला म्हणून मुलं वाऱ्यावर सोडता येत नाहीत. तरी मला ते लागलं. उत्तरं राज्यांनी रखडवली आणि नाव गेलं ते विचारणारीचं. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला अजूनही ‘शीला बारसे विरुद्ध भारत सरकार’ याच नावानं सापडतो.