एव्होरा येथील सार्वजनिक उद्यान आणि कृतक भग्नावशेष

पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतातील एव्होरा हे तटबंदीचे प्राचीन नगर. त्याच्या दक्षिण अंगास, संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून, नगराचे सार्वजनिक उद्यान आहे. इ. स. १८६३ ते १८६७ या अवधीत त्याची आखणी झाली. पूर्वी ही भूमी राजप्रासादाची व मठाची होती. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघ बरखास्त झाले व त्यांची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात आली. त्यानंतरच अशा जागा नागरिकांच्या विहारास उपलब्ध होऊ शकल्या. मूळ प्रासादाचा जो थोडा भाग उरला आहे, तो मानुएल राजाचा वाडा या नावाने उद्यानातच उभा आहे.

उद्यानाची योजना जुझेपे चिनात्ती (१८०८–१८७९) याची. हा सिएना येथे जन्मलेला इटालियन, लिस्बनच्या सां कार्लुश नाट्यगृहात पडदे रंगविणारा नेपथ्यकार. उद्यानाची घडण समजण्यास हा तपशील उपयोगी पडतो. भूमितीच्या शिस्तीतील ताटवे त्याने टाळले. वळणावळणाच्या वाटा, दाट वृक्षराजी आणि वळणापाशी अकस्मात उलगडणारे दृश्य ही रोमँटिक उद्यानकलेची साधने त्याने योजिली. त्या दृश्यांतील प्रमुख म्हणजे ‘रुइनश फिंजिदश’, अर्थात कृतक भग्नावशेष. व्हिमियोसूच्या काउंटांच्या जीर्ण प्रासादातील जोडखिडक्या येथे आणून, कधीच उभ्या नसलेल्या एका इमारतीच्या पडक्या भिंतींत त्या बसविण्यात आल्या. या खिडक्यांची शैली मुदेजार. ही संज्ञा अरबी ‘मुदज्जन’ या शब्दापासून आली असून, ख्रिस्ती सत्तेखाली राहू दिलेला मुसलमान असा तिचा अर्थ आहे.

‘फिंजिदु’ या विशेषणाचे मूळ लॅटिन ‘फिंगेरे’ या धातूत आहे. त्याचा जुना अर्थ मातीला आकार देणे; बतावणी करणे हा नंतरचा. संस्कृतातही ‘कृ’ धातूपासून आलेला ‘कृतक’ शब्द ‘केलेले’ येथून ‘खोटे’ येथवर पोचला आहे. घडविणे आणि भासविणे यांतील अंतर दोन्ही भाषांना फारसे मोठे वाटलेले नाही.

या उद्यानाकडे केवळ शोभेची रचना म्हणून पाहिल्यास महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. याच नगरातील रोमन मंदिराचे प्रकरण त्याशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. मंदिर इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. ते डायानाचे असल्याची समजूत सतराव्या शतकातली व निराधार. मध्ययुगात त्याच्या स्तंभांमधील मोकळ्या जागा भिंतींनी बुजविण्यात आल्या, आणि १८३६ पर्यंत तेथे खाटिकखाना होता. त्या भिंतींमुळेच स्तंभ तगून राहिले, असे म्हणावयास हरकत नाही. नगराच्या ग्रंथालयाचे प्रमुख आउगुश्तु फिलिपे सिमोंइश यांनी ही ‘भर’ काढून टाकण्याचा आग्रह धरला, आणि १८७१ मध्ये चिनात्तीच्याच देखरेखीखाली ती उतरविण्यात आली. आज दिसणारे निर्भेळ रोमन मंदिर हे त्या कामाचे फळ होय.

म्हणजे ज्या कारागिराने उद्यानात खऱ्या दगडांतून खोटा अवशेष उभा केला, त्यानेच काही वर्षांनी शतकांचा खरा वापर पुसून मंदिराला अवशेषाचे रूप दिले. उद्यानातील भिंत निदान आपल्या नावात आपले कृतकत्व कबूल करते. मंदिर तसे करीत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने दुसरी कृती अधिक घातक, कारण तिने मध्ययुगीन पुरावा कायमचा नष्ट केला. उद्यानातील खिडक्या स्थानभ्रष्ट झाल्या तरी तपासता येतात.

चिनात्तीच्या वाट्याला आलेला तिसरा अवशेष मात्र योजलेला नव्हता. लिस्बनजवळील बेलें येथील जेरोनिमुश मठाच्या नूतनीकरणात, आकिले रांबुवा याच्यासह तो काम करीत असता, डिसेंबर १८७८ मध्ये नवा मध्यवर्ती मनोरा कोसळला व काही कामगार ठार झाले. पुढच्याच वर्षी चिनात्ती मरण पावला.

१९१६ साली मानुएल राजाच्या वाड्यास आग लागली. तेव्हा कृतक भग्नावशेषांच्या शेजारी काही काळ एक खरा भग्नावशेष उभा होता. पुढे त्याची दुरुस्ती झाली. चिनात्तीच्या पडक्या भिंती मात्र पडक्याच राखल्या जातात, आणि त्यांवर मोर, म्हणजे मूळचा भारतातला पक्षी, येऊन बसतात.