पुनर्भरित सराव काडतुसे (रिव्हॉल्वर नेमबाजी)

एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी स्वच्छ करून, तिला मूळ मापावर आणून, तीत नवा प्रायमर (ठोक्याने पेटून दारू पेटवणारी टोपी), दारू आणि गोळी बसवून तयार केलेली काडतुसे. स्पर्धात्मक रिव्हॉल्वर नेमबाजीत सामन्यासाठी एकाच जातीची, एकाच वजनाची गोळी वापरतात. आधीच्या भरणीतून उरलेल्या वेगवेगळ्या जातींच्या गोळ्या सरावाच्या काडतुसांत खपवण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेतील नेमबाजांमध्ये रूढ आहे.

पार्श्वभूमी : काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, प्रायमर, दारू व गोळी. पहिला घटक पुन्हापुन्हा वापरता येतो. बाकीचे तीन दर बाराला खर्च होतात. .३८ स्पेशल हे स्मिथ अँड वेसन कंपनीचे रिव्हॉल्वरचे काडतूस १८९८ पासूनचे. त्याची पुंगळी सरळ भिंतीची असून दाबाची कमाल मर्यादा प्रति चौ. इंच १७,००० पौंड, म्हणजे .३५७ मॅग्नम या अधिक जोरदार काडतुसाच्या (३५,०००) निम्म्याहून कमी आहे. त्यामुळे पितळावर ताण कमी पडतो व एकच पुंगळी अनेकदा भरता येते. भरणी हातयंत्रावर होते. साध्या यंत्रात एका वेळी एकच क्रिया होते, तर प्रोग्रेसिव्ह यंत्रात दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस बाहेर पडते. अमेरिकेत २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये काडतुसे व प्रायमर यांची मोठी टंचाई झाली. अशा काळात हाताशी असलेली प्रत्येक गोळी कामी लावण्याकडे नेमबाजांचा कल वाढतो.

रिव्हॉल्वरची अनुकूलता : अर्धस्वयंचलित पिस्तुलात बाराच्या धक्क्यावर स्लाइड मागे जाते आणि पुढचे काडतूस नळीत सरकते. काडतूस फार सौम्य असेल किंवा गोळीचे टोक वेगळ्या आकाराचे असेल, तर पिस्तूल अडते. रिव्हॉल्वरचे सिलिंडर मात्र नेमबाजाच्या बोटाच्या जोरावर फिरते. बार सौम्य की जोरदार, गोळी गोल टोकाची की सपाट, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. ‘वॉडकटर’ ही दंडगोलासारखी, संपूर्णपणे पुंगळीत बसणारी १४८ ग्रेनची (सु. ९.६ ग्रॅ.) गोळी रिव्हॉल्वरमध्ये विनातक्रार चालते. म्हणून उरलेल्या गोळ्यांना खरे गिऱ्हाईक रिव्हॉल्वरच.

गोळ्यांची निवड : शिल्लक गोळ्या प्रथम वजन, व्यास व बांधणी यांनुसार वेगळ्या करतात. .३८ स्पेशलसाठी आवरण असलेली गोळी सामान्यतः ०.३५७ इंच, तर शिशाची ओतीव गोळी ०.३५८ इंच व्यासाची असते. ९ मिमी. पिस्तुलाची ०.३५५ इंचाची गोळी दिसायला सारखीच, पण ती .३८ च्या पुंगळीत सैल बसते आणि नेम विस्कटतो. दारूचे प्रमाण प्रकाशित भरणी-पुस्तिकेतून त्या-त्या गोळीसाठी स्वतंत्रपणे घ्यावे लागते. शिशाच्या गोळीचे सौम्य प्रमाण तांब्याच्या आवरणाच्या गोळीला लावणे धोक्याचे असते, कारण आवरणाचे घर्षण जास्त असल्याने गोळी नळीत अडकू शकते. ज्या गोळीचा प्रकार ओळखता येत नाही, ती वापरत नाहीत.

सराव आणि सामना : सामन्यातील काडतुसाला ‘पॉवर फॅक्टर’ची अट असते. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि फूट प्रतिसेकंद वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागून तो काढतात. १५८ ग्रेनची गोळी ८०० फुटांच्या वेगाने सुटली, तर तो १२६.४ येतो; अमेरिकेतील यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या ‘मायनर’ गटाची किमान मर्यादा १२५ व ‘मेजर’ची १६५ आहे. सरावाला ही अट नसते, तरी धक्का सामन्यातल्याइतकाच राहील अशी भरणी अनुभवी नेमबाज पसंत करतात. फार सौम्य काडतुसांवर हात बसला, तर सामन्यात दुसऱ्या बाराची लय चुकते. गोळीच्या वजनाबरोबर लागण्याची जागाही बदलते. जड, संथ गोळी नळीत अधिक काळ राहते व तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड उचलले जाते, म्हणून ती सहसा वर लागते. जवळच्या लक्ष्यावर हा फरक नगण्य असतो. दूरच्या लक्ष्याचा सराव मात्र सामन्याच्याच गोळीने करावा लागतो.

रिव्हॉल्वर भरण्याचा वेग हा दुसरा मुद्दा. मून क्लिप या पातळ धातूच्या चकतीत अडकवलेली सर्व काडतुसे सिलिंडरमध्ये एकदम सोडतात. जेरी मिक्युलेक या अमेरिकी नेमबाजाने १९९९ मध्ये सहा बार, रिव्हॉल्वर पुन्हा भरणे व आणखी सहा बार असा क्रम २.९९ सेकंदांत पूर्ण केला. असा वेग गोल टोकाच्या गोळीनेच साधतो. वॉडकटरची सपाट कड छिद्राच्या तोंडाशी अडते. त्यामुळे उरलेल्या वॉडकटर नेम व चाप यांच्या सरावाला ठेवतात आणि भरण्याच्या सरावात गोल टोकाच्याच गोळ्या घेतात.

दोष व धोके : स्पर्धेच्या रिव्हॉल्वरचा चाप हलका करण्यासाठी घोड्याची स्प्रिंग सैल केलेली असते. अशा हलक्या ठोक्यावर कठीण प्रायमर पेटत नाही. म्हणून मऊ प्रायमर निवडून तो पुंगळीच्या बुडाशी पूर्ण दाबून बसवतात. वर राहिलेला प्रायमर घासून सिलिंडर अडवतो. पुंगळीचे तोंड गोळीवर नीट आवळले नसेल, तर शेजारच्या बाराच्या धक्क्याने गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर फिरेनासे होते.

सर्वांत गंभीर चुका दोन. दारू पडायची राहिली, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते व त्यामागून झाडलेला बार नळी फोडू शकतो. आवाज दबका आला की तिथेच थांबून नळी तपासतात, ते यासाठी. उलट, .३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या मोठ्या मापाची असल्याने आधुनिक धूरविरहित दारू तिच्या तळाशीच राहते. चुकून दुहेरी माप पडले तरी ते बाहेर सांडत नाही. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहतात. मिश्र गोळ्यांची भरणी करताना जात बदलली की यंत्राचे माप नव्याने तपासतात आणि प्रत्येक तुकडीच्या डब्यावर गोळी, दारू, प्रमाण व तारीख लिहितात. शिसे पोटात जाऊ नये म्हणून भरणीच्या जागी खाणेपिणे टाळतात व नंतर हात धुतात.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे अमेरिकेसारखी घरगुती भरणी येथे छंद म्हणून रुजलेली नाही. शिवाय कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या २५ मी. पिस्तूल प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्यात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. ठोक्याने ती कड चेपते आणि वेगळा प्रायमर बदलण्याची सोय नसते. त्यामुळे ही पुंगळी व्यवहारात पुन्हा भरता येत नाही.